ओहोळावरची वाट दर पावसाळ्यात वाहून जाते: कारणे कशी ओळखावीत आणि कमी खर्चात टिकाऊ फरशी कशी बांधावी

गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांत कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बागायत, सांभाळणाऱ्या अनेकांची अडचण सारखीच आहे. घर आणि रस्ता ओहोळाच्या एका काठाला असतो, तर बागायत दुसऱ्या काठाला असते. उन्हाळ्यात दोन ह्यूम पाइप (सिमेंट-काँक्रीटच्या नळ्या) आणले जातात, त्यांच्यावर चिऱ्यांचे (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे) तुकडे आणि मुरूम टाकला जातो, वरून माती दाबली जाते आणि पिकअप पलीकडे जाऊ लागते. पहिला पावसाळा कसाबसा निभावतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढातल्या एखाद्या रात्री, सगळा भराव खाली शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसतो आणि पुढच्या मे महिन्यात तेच पाइप ओढून आणून तोच मुरूम पुन्हा टाकला जातो. खर्च दर वर्षी थोडाथोडा होत असल्यामुळे तो जाणवत नाही, मात्र जेसीबीचे तास, मुरुमाचे ट्रक आणि मजुरी यांची चार-पाच वर्षांची बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी, म्हणजे पक्के काम परवडत नाही ही समजूत किती खरी आहे ते कळते.

फरशी म्हणजे ओहोळाच्या तळालगत घातलेली, पुराचे पाणी वरून जाऊ देणारी काँक्रीटची वाट. या लेखात घाटाकडून उतरणाऱ्या गोड्या पाण्याच्या लहान ओहोळांचाच विचार केला आहे. भरती-ओहोटीचे पाणी येणाऱ्या खाजन (खाडीलगतच्या सखल शेतजमिनी) भागातील बांध आणि मानस (पाणी सोडण्या-अडवण्याचे दरवाजे) यांचे गणित पूर्ण वेगळे असते आणि येथील उपाय तेथे लावू नयेत.

आधी नेमके काय बिघडले ते पाहावे

वाट वाहून गेल्यावर पहिली चूक होते ती घाईची. पाणी उतरताच जेसीबी बोलावून ढिगारा सारखा केला जातो आणि त्याबरोबर सगळे पुरावे पुसले जातात. त्याऐवजी काहीही हलवण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, झाडांच्या फांद्यांना अडकलेला कचरा आणि काठावरची गाळाची रेघ पाहून पाणी किती उंच चढले होते ते खुंटी मारून ठेवावे, आणि मग पुढील खुणा शोधाव्यात.

पाइप जागच्या जागी असून फक्त त्यांच्यावरचा भराव गेला असेल, तर पाणी वरून वाहिले आहे. याचा अर्थ नळ्यांची क्षमता कमी पडली किंवा त्यांची तोंडे बुजली. आपल्याकडे बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. पोफळीच्या झावळ्या, माडाची पिडे, मोडलेले बांबू आणि शिंपणासाठी हिवाळ्यात घातलेल्या व मे महिन्यात न काढलेल्या मातीच्या बांधाचे अवशेष हे सगळे पहिल्या मोठ्या पावसात एकदम खाली येते. झावळी नळीच्या तोंडावर आडवी बसली की तिच्यावर पाने साचतात आणि नळीचे तोंड काही मिनिटांत बंद होऊ शकते.

पाइप सरकले असतील, त्यांचे सांधे सुटले असतील आणि भरावात बोगद्यासारखी पोकळी दिसत असेल, तर पाणी नळीच्या आतून जाण्याबरोबर तिच्या बाहेरून, नळी आणि माती यांच्यामधल्या फटीतून वाहत होते. नळीच्या खालच्या अर्ध्या भागाशेजारची माती दाबणे अवघड असते, म्हणून तेथे ती सैल राहते आणि फट तिथूनच सुरू होते. हा बिघाड वाट कोसळण्याच्या आधीही ओळखता येतो. पाऊस थांबून ओहोळ निवळू लागला की खालच्या बाजूने नळीच्या तोंडाकडे पाहावे. नळीतून स्वच्छ पाणी पडत असताना तिच्या कडेने गढूळ पाण्याची बारीक धार येत असेल, तर भराव आतून पोखरला जात आहे असे निश्चित समजावे. वरून पहार टोचली असता ती एखाद्या ठिकाणी अचानक सहज आत गेली, तर पोकळी तिथपर्यंत पोहोचली आहे. अशा वाटेवरून गाडी नेऊ नये.

पाइप आणि भराव दोन्ही शाबूत आहेत, पण शेजारचा काठच कापला जाऊन ओहोळाने नवी वाट काढली आहे, असेही दिसते. भराव मध्यभागी उंच आणि दोन्ही काठांकडे उतरता ठेवला की हे हमखास घडते. पुराचे पाणी सर्वांत सखल जागा शोधते आणि ती जागा आपण आपल्या हाताने काठावर करून ठेवलेली असते.

चौथी खूण सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते: वाटेच्या लगत, खालच्या बाजूला पडलेला डोह. वरून किंवा नळीतून खाली पडणारे पाणी तळाशी आपटून माती उचलते, खड्डा खोल होत जातो, त्याची वरची कड हळूहळू वाटेखाली सरकते आणि एके दिवशी आधार गेल्यामुळे वाट खालच्या अंगाने कोसळते. गोव्यात हे अधिक वेगाने होते, कारण जांभ्याचा कठीण थर वरवरचा असतो आणि त्याच्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट-तांबूस मऊ चिकणमाती असते. कठीण थर फुटेपर्यंत काहीच घडत नाही असे वाटते. तो फुटला की खालची माती एका पावसाळ्यात कंबरभर खोल जाऊ शकते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते हलवू शकेल अशा दगडाचे वजन सुमारे चौसष्ट पटींनी वाढते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे हिवाळ्यात पायाचा घोटाही न बुडवणारा ओहोळ जुलैत चिरे कसे वाहून नेतो याचे आश्चर्य वाटत नाही.

नळ्यांचे गणित का जमत नाही

आपण मारलेल्या खुंट्यांवरून पुराची रुंदी आणि खोली मोजावी. समजा, तळाशी ४ मीटर रुंद ओहोळात पाणी १.२ मीटर चढले होते. म्हणजे पुराला वाहायला ४.८ चौरस मीटर जागा लागली. ६०० मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांची मिळून जागा ०.५७ चौरस मीटर भरते, म्हणजे गरजेच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतकी. उरलेले पाणी वरूनच जाणार, आणि वर माती असेल तर माती घेऊन जाणार. यात भरावाची प्रत, मजुरांचे कौशल्य किंवा नशीब यांचा काहीही संबंध नाही.

पाणलोटावरूनही हाच अंदाज येतो. पाणलोटाचे हेक्टर, तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वाहून येणाऱ्या पाण्याचा अंश यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळते. २० हेक्टरांचा डोंगरउतार, तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पडणारी जोराची सर आणि ०.६ अंश धरला तर सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर पाणी येते. ६०० मिलिमीटरची एक नळी तोंडाशी पाणी तुंबलेले असतानाही साधारण अर्धा घनमीटरच नेते. तेवढ्या पुरासाठी अशा सहा-सात नळ्या लागतील आणि त्यातली प्रत्येक झावळ्यांनी बुजू शकेल. घाटपायथ्याच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस ४००० मिलिमीटरच्याही वर जातो हे लक्षात घेता, सगळे पाणी नळीतून काढण्याचा आग्रह लहान शेतकऱ्याच्या खिशाला झेपणारा नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की वाट उंच करू नये, ती खाली आणावी. पुराचे पाणी वरून जाणारच आहे हे मान्य करून त्याला विनाअडथळा जाऊ द्यावे, आणि नळ्यांवर व भरावावर होणारा पैसा फरशीच्या खालच्या कडेवर खर्च करावा.

पावसाळ्यात नेमकी गरज कशाची आहे

हा प्रश्न प्रत्येक बागायतदाराने स्वतःला विचारावा, कारण खर्चाचे उत्तर त्यातच आहे. सुपारी, नारळ, शेणखत, पाइप अशी जड वाहतूक मुख्यतः पावसाळ्याबाहेर होते. जून ते सप्टेंबर या काळात पलीकडे जावे लागते ते माणसांना: पोफळींवर कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवणाऱ्या बुरशीरोगासाठी) बोर्डो मिश्रणाची फवारणी करण्यासाठी, पाटातला गाळ काढण्यासाठी, पडलेली फळे वेचण्यासाठी. ट्रकचे वजन पेलणारा आणि पुराच्या वर राहणारा पूल बांधायचा असेल तर तो लाखांच्या घरात जातो. पण गाडीसाठी तळालगत फरशी आणि माणसांसाठी पुराच्या वर एक अरुंद साकव (पायपूल) अशी दोन वेगळी कामे केली, तर दोन्ही मिळूनही खर्च आटोक्यात राहतो.

फरशी कशी बांधावी

जागा निवडताना ओहोळ सरळ वाहतो असा भाग घ्यावा. वळणाच्या बाहेरच्या काठावर किंवा दोन ओहोळ मिळतात त्याच्या लगेच खाली बांधू नये. तळाला खडक उघडा असेल तर ती जागा थोडी आडवाटेला असली तरी तीच घ्यावी, कारण खडकात ३० ते ४५ सेंटिमीटर खोल भोके पाडून लोखंडी सळ्या बसवल्या की खोल पायाची गरज राहत नाही.

खडक नसेल तर फरशीचा पृष्ठभाग ओहोळाच्या तळाशी समपातळीत ठेवावा आणि दोन्ही काठ साधारण १ ला ८ या उताराने कापून घ्यावेत. काठ कापण्याने दोन फायदे होतात. गाडी सहज उतरते आणि पुराला पसरायला जागा मिळते. वरच्याच उदाहरणातील ४.८ चौरस मीटर जागा, असे उतार दिल्यावर, १.२ मीटरऐवजी सुमारे ०.६ मीटर खोलीतच मिळते. सर्वांत सखल भाग ओहोळाच्या मध्यावरच राहिला पाहिजे आणि पक्का भाग दोन्ही काठांवर पूररेषेच्या थोडा वर जाऊन संपला पाहिजे.

काँक्रीटखाली काळ्या दगडाची २० सेंटिमीटर सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) करून ती ठोकून बसवावी. मध्यभागी २० सेंटिमीटर आणि उतारांवर १५ सेंटिमीटर जाडीचे एम २० प्रतीचे काँक्रीट घालावे, त्यात ८ मिलिमीटरच्या सळ्यांची २० सेंटिमीटर अंतराची जाळी ठेवावी आणि जाळी खालच्या दगडाला चिकटू नये म्हणून तिला ठोकळ्यांचा आधार द्यावा. पृष्ठभाग गुळगुळीत करू नये. ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात, नाहीतर शेवाळ धरल्यावर दुचाकी घसरते.

आता खालची कड. फरशीच्या खालच्या अंगाला, ओहोळाच्या मध्यभागी, तळापासून किमान १.२ मीटर खोल आणि ३० सेंटिमीटर जाड भिंत जमिनीत गाडावी. उतारांखाली आणि वरच्या अंगाला ६० सेंटिमीटर खोली पुरते. या भिंती मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटच्या केल्या तर सिमेंट वाचते, मात्र दोन दगडांमध्ये काँक्रीट नीट शिरेल एवढे अंतर असावे. मातीच्या गाऱ्यात रचलेले चिरे येथे चालत नाहीत. भिंतीच्या पुढे ३ ते ४ मीटर लांब, सलग दगडी पसारा घालावा. त्यासाठी ४० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे काळे दगडच घ्यावेत, कारण सेकंदाला ३ मीटर वेगाचे पाणी त्यापेक्षा लहान दगड हलवू शकते आणि जांभा तर त्याहूनही हलका व झिजणारा आहे. एवढे मोठे दगड मिळत नसतील तर लहान दगड तारेच्या जाळीच्या पेट्यांत भरून त्या पेट्या एकमेकींना बांधाव्यात. हा पसारा सिमेंटने सांधू नये. खालची माती थोडी गेली तरी सुटे दगड खाली सरकून खड्डा भरून काढतात. सांधलेला थर मात्र खाली पोकळी झाली तरी वरून शाबूत दिसतो आणि मग एकदम तुटतो.

३ मीटर रुंद आणि उतारांसह १६ मीटर लांब अशा फरशीला सुमारे ८ घनमीटर काँक्रीट लागते आणि भिंती धरून सिमेंट नव्वद पोत्यांच्या आसपास जाते. पैसे कमी पडत असतील तर रुंदी अडीच मीटर करावी, उतारांचा वरचा भाग पुढच्या वर्षावर टाकून तेथे तात्पुरती दगडी सोलिंग ठेवावी, पण खालच्या भिंतीची खोली एका वितीनेही कमी करू नये. कंत्राटदार सर्वांत आधी तिथेच काटकसर सुचवतो, कारण ती भिंत नंतर कोणाला दिसत नाही. खोदकाम झाल्यावर काँक्रीट घालण्यापूर्वी मालकाने स्वतः चरात टेप धरून खोली मोजावी.

काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उरकावे. बारमाही ओहोळाचे पाणी वरच्या बाजूला वाळूच्या गोणी रचून पीव्हीसी पाइपातून पुढे सोडावे. काँक्रीटवर ओले गोणपाट टाकून किमान १४ दिवस पाणी मारावे आणि जड गाडी २८ दिवसांनंतरच न्यावी. मेच्या अखेरीस घाईने घातलेल्या काँक्रीटला वळवाचा पाऊस आणि लगोलग जूनमधला पहिला लोंढा सोसावा लागतो.

साकव

साकवाचा तळ आपण पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या किमान ६० सेंटिमीटर वर असावा, कारण पाण्याबरोबर ओंडके येतात. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीतील काठांवर राहिलेल्या खुणा अजून जाणत्यांच्या लक्षात आहेत. शेजारच्या वयस्कर माणसाला विचारल्याशिवाय उंची ठरवू नये. पोफळीच्या खोडांचा साकव स्वस्त पडतो, पण तो दर वर्षी बदलावा लागतो. पाच-सहा मीटरच्या गाळ्यासाठी दोन लोखंडी तुळया आणि वर फळ्या ही व्यवस्था अधिक चांगली; तुळयांचा आकार मात्र अभियंत्याकडून ठरवून घ्यावा. एक टोक पक्के बसवून दुसरे टोक साखळीने झाडाला किंवा खांबाला बांधले तर असामान्य पुरात साकव उचलला गेला तरी तो हरवत नाही.

पाइप टाकून झालेले असतील तर

सगळे उपटण्याची ऐपत नसणाऱ्यांनी निदान भरावाची उंची कमी करावी, मध्यभाग सर्वांत सखल ठेवावा आणि वरचा पृष्ठभाग व खालचा उभा चेहरा काँक्रीटने मढवावा, म्हणजे पाणी वरून गेले तरी माती जाणार नाही. दोन्ही तोंडांशी भिंती असल्याच पाहिजेत आणि त्या नळीखाली किमान ६० सेंटिमीटर खोल गेल्या पाहिजेत. नव्याने पाइप घ्यायचे असतील तर ६०० च्या दोनपेक्षा ९०० मिलिमीटरचा एक घ्यावा. तो जास्त पाणी नेतो आणि झावळीने सहज बुजत नाही. अडीच मीटर लांबीचा एनपी ३ प्रतीचा असा पाइप सुमारे दोन टनांचा असतो, तेव्हा उतरवण्याची सोय आधी पाहावी. नळीच्या तोंडावर जाळी लावण्याचा मोह टाळावा, कारण जाळीच आधी बुजते. त्याऐवजी काही मीटर वर, ओहोळात तिरक्या रांगेत मजबूत खांब रोवले तर कचरा काठाकडे सरकतो आणि तेथून काढता येतो.

नळीचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा १५ ते २० सेंटिमीटर खाली बसवावा. त्याने खालचा डोह लहान राहतो आणि पहिल्या पावसात वलगणीचे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे) मासे वर चढू शकतात. पाणी हवेतून पडत असलेल्या नळीत मासा चढत नाही, आणि एका ओहोळावर अशा तीन-चार नळ्या झाल्या की वरच्या वाड्यांवर मासा दिसेनासा होतो. आपल्या सोयीसाठी ही किंमत द्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

परवानगी

ओहोळ आपल्या जमिनीतून वाहत असला तरी १९६८ च्या गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४ नुसार नद्या-नाल्यांची पात्रे सरकारची मानली जातात. म्हणून सर्वेक्षणाचा नकाशा आणि एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा घेऊन जलसंपदा खात्याकडे आणि पंचायतीकडे आधी लेखी अर्ज करावा. काठ कापणे आणि सखल जमीन भरणे याला नगर व ग्रामनियोजन कायद्याचे कलम १७-अ लागू होऊ शकते, आणि म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यालगतच्या जमिनींसाठी वनखात्याला विचारल्याशिवाय कुदळही लावू नये. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला आराखडा दाखवून ठेवावा. त्याच्या शिंपणाचे पाणी अडणार नाही हे त्याला आधीच कळले तर पुढची तक्रार टळते.

पहिल्या पावसाळ्यातली देखरेख

फरशीच्या दोन्ही कडांना रंगवलेले खांब रोवून त्यांवर १५ आणि ३० सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. पाणी १५ सेंटिमीटरच्या वर गेले की दुचाकी नेऊ नये आणि ३० सेंटिमीटरच्या वर कोणतीही गाडी घालू नये, कारण तेवढे वाहते पाणी लहान मोटारही सरकवू शकते. गढूळ पाण्याखाली फरशी तुटली आहे की नाही हे वरून दिसत नाही, म्हणून मोठ्या पुरानंतर काठीने चाचपून पाहिल्याखेरीज गाडी उतरवू नये.

जूनमधला पहिला मोठा लोंढा ओसरल्यावर खालच्या दगडी पसाऱ्यावर बांबू टोचत चालत जावे आणि दगड कुठे खचले आहेत ते पाहावे. दीड-दोन वीत खचणे अपेक्षित आहे. तेथे लगेच आणखी दगड टाकावेत, आणि त्यासाठी थोडे दगड आधीच काठावर रचून ठेवावेत, कारण जुलैत ट्रक तिथपर्यंत येत नाही. भिंतीची खालची कड उघडी पडलेली दिसली तर पावसाळा संपण्याची वाट न पाहता गोणीत सुके काँक्रीट भरून त्या गोणी तेथे दाबून बसवाव्यात. गणेशचतुर्थीनंतर पाऊस सरला असे समजून शिंपणाचे बांध घालण्याची घाई करू नये. काणकोणातला भीषण पूर २ ऑक्टोबर २००९ रोजी आला होता, आणि फरशीच्या वरच्या अंगाला घातलेला मातीचा बांध अशा पावसात फुटला तर त्याचा सगळा लोंढा फरशीवरच येतो. बांध घालायचाच असेल तर तो फरशीच्या खालच्या अंगाला, दगडी पसाऱ्याच्या पलीकडे घालावा आणि मेच्या मध्यापर्यंत तो पूर्ण काढून टाकावा.